जसा घास तसा जबडा

शरीराच्या बळाविषयीं बोलणें निघालें म्हणजे आपण दंड, मांड्या आणि छाती यांचीच गोष्ट करतों. तालमींत जाणारा मुलगा आरशापुढें उभा राहून दंडाची बेटकुळी पाहतो. पण दिवसांतून दोन-तीन वेळां नेमानें कामाला लागणाऱ्या आणि जन्मभर साथ देणाऱ्या एका स्नायूकडे त्याचें लक्ष कधींच जात नाहीं. विद्यार्थिमित्रहो, दोन्ही हातांचीं बोटें गालांवर, कानाच्या पाळीच्या खालीं व किंचित् पुढें ठेवा आणि दांतांवर दांत घट्ट दाबा. बोटांखालीं जो कठीण गोळा उठतो तो चर्वणाचा मुख्य स्नायु होय. आतां बोटें कानशिलांवर नेऊन तसेंच करा. तेथेंहि कांहीं तरी ताठल्याचें जाणवेल. तो त्याचाच सोबती.

हा गोळा प्रत्येकाच्या गालांत आहे. परंतु तो सर्वांचा सारखा नाहीं. कांहीं लोकांचा चावा इतका जोरकस असतो कीं, त्याचें माप ऐकून नवल वाटतें. तर कांहींना ऊस सोलतांना दोन पेरांतच जबडा दुखूं लागतो. हा फरक कोठून येतो? तो वंशाचा आहे कीं संवयीचा? आणि तो संवयीचा असेल, तर ती संवय कोणत्या वयांत लागावी लागते? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. चर्वणाच्या कामाला स्नायूंच्या चार जोड्या लागतात. गालांतील जोडी गालाच्या हाडापासून निघून खालच्या जबड्याच्या कोपऱ्याला बांधलेली असते. कानशिलावरील जोडी पंख्याप्रमाणें पसरलेली असून खालीं निमुळती होत जबड्याला येऊन मिळते. उरलेल्या दोन जोड्या जबड्याच्या आंतल्या बाजूस असल्यामुळें हातास लागत नाहींत. त्यांपैकीं एक जबडा वर उचलण्यास साह्य करते, तर दुसरी तो पुढें व बाजूंस सरकविते. दाढांचें दळण चालतें तें यांच्या मेळानें. फरक इतकाच कीं, जात्यांत वरची तळी फिरते व खालची स्थिर असते. तोंडांत वरची स्थिर राहून खालची फिरते.

या यंत्राचें दुसरें मर्म अडकित्त्यावरून समजेल. अडकित्त्यांत सुपारी बिजागरीजवळ धरली तर सहज फुटते. टोंकाशीं धरली तर हात दुखून येतो. जबड्याची बिजागरी कानाच्या अगदीं पुढें आहे. म्हणून कोणी न शिकवितांहि आपण कठीण पदार्थ पुढच्या दांतांखालून काढून मागच्या दाढांखालीं सरकवितों. स्नायु तोच, जोर तोच. पण बिजागरी जवळ आल्यामुळें त्याचें फळ अधिक.

आतां नियम दोनच लक्षांत ठेवावयाचे. स्नायूचा जोर मुख्यतः त्याच्या जाडीवर अवलंबून असतो, आणि जाडी कामावर अवलंबून असते. दंडाचा जो नियम तोच गालाचा. दुसरा नियम असा कीं, ज्या हाडाला स्नायु बांधलेला असतो तें हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यावर वारंवार ताण पडला म्हणजे तें भरतें, रुंदावतें. ताण पडेनासा झाला म्हणजे तें रोड राहतें. वाढत्या वयांत हा परिणाम विशेष होतो.

चाव्याचा जोर मोजण्याची हौस जुनी आहे. इटलीचा शास्त्रज्ञ बोरेल्ली यानें खालच्या दाढांवरून दोरी टाकून तिला वजनें बांधलीं आणि तोंड मिटतांना माणूस किती वजन उचलतो तें पाहिलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें दांतांखालीं धरावयाचीं यंत्रें निघालीं. अमेरिकेचे प्रसिद्ध दंतवैद्य ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनीं १८९५ च्या सुमारास सुमारें एक हजार लोकांचा चावा मोजला. त्याची सरासरी १७१ पौंड, म्हणजे सुमारें ७८ किलो भरली. हे आंकडे वाचतांना एक सावधगिरी मात्र बाळगावी. यंत्र कोणतें, तें कोणत्या दांताखालीं धरलें आणि तोंड किती उघडें होतें, यांवर माप बरेंच बदलतें. म्हणून दोन ठिकाणच्या मापांची तुलना सोन्याच्या तराजूनें करूं नये. ती धान्याच्या कांट्यानें करावी.

आतां उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाकडे वळूं. अलास्कांतील ज्या लोकांना जुन्या पुस्तकांतून एस्किमो म्हणत, व जे स्वतःला इन्युपिआट, युपिक अशा नांवांनीं ओळखतात, त्यांच्या वस्त्यांतून कोलंबिया विद्यापीठाचे दंतशास्त्रज्ञ लेउमन वॉ यांनीं हिंडून मापें घेतलीं. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतांत एका पुरुषाचा चावा ३४८ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारें १५८ किलोपर्यंत गेल्याची नोंद आहे. ब्लॅक यांच्या सरासरीच्या हा दुपटीहून अधिक झाला.

त्यांचें जुनें जीवन डोळ्यांपुढें आणलें म्हणजे याचें आश्चर्य वाटत नाहीं. त्या बर्फाळ किनाऱ्यावर शेती नाहीं. सील, वॉलरस, मासे आणि कॅरिबू नांवाचें हरणाच्या जातीचें जनावर, हेंच अन्न. मांस कधीं वाळवून, कधीं गोठलेलें तसेंच कच्चें खावयाचें. मोठा तुकडा दांतांत पकडून ओंठांजवळ सुरीनें कापावयाचा, ही खाण्याची रीत. पण जबड्याचें काम जेवणापाशीं संपत नसे. दांत हा त्यांचा तिसरा हात होता. सीलच्या कातड्याचे जोडे थंडीनें ताठले म्हणजे स्त्रिया ते चावून मऊ करीत. नवें कातडें शिवण्यापूर्वीं त्याची कडा चावून नरम करीत. दोरीची गोठलेली गांठ दांतांनीं सुटे, ताणावयाचा वादीचा पट्टा दांतांत धरला जाई. दोरीनें फिरविण्याच्या सामत्यानें भोंक पाडतांना त्याचा वरचा ठोकळा दांतांतच दाबून धरीत, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहत. असा जबडा दिवसभर राबत असे. मग तो बलवान् झाला यांत नवल तें काय?

येथें कोणी म्हणेल, “हें त्या वंशाचेंच लक्षण असेल. आडांत असेल तेंच पोहऱ्यांत येणार.” या आक्षेपांत कांहीं तथ्य आहे. चेहऱ्याची ठेवण बरीचशी आईबापांकडून येते. आणि लांबट चेहऱ्याच्या माणसांचा चावा आंखूड व रुंद चेहऱ्याच्या माणसांपेक्षां पुष्कळदां कमी जोराचा असतो, हेंहि मोजून ठरलें आहे. परंतु सारा फरक वंशाचा मानावा तर पुढील गोष्टींचा उलगडा होत नाहीं. १९८६ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत एका गृहस्थाचा चावा ९७५ पौंड, म्हणजे ४४० किलोंहून अधिक भरला. तो कांहीं बर्फांत वाढलेला नव्हता. तेव्हां वंश आणि संवय यांचा वांटा निराळा काढावयाचा, तर एकाच वंशाचे पण निरनिराळ्या राहणीचे लोक शोधले पाहिजेत. असे लोक आपल्याच देशांत सांपडले.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट करुचिनी यांनीं पंजाबांतील अभ्यासकांसह चंदीगढच्या परिसरांतील तरुणांची पाहणी केली. तिचे वृत्तांत १९८३ ते १९८५ या सालांत प्रसिद्ध झाले. एका बाजूस खेड्यांतील मुलें, दुसऱ्या बाजूस शहरांतील. रक्त एक, भाषा एक, हवा एक. भेद काय तो ताटांत आणि राहणींत. खेड्यांत भरड पिठाची रोटी, ऊस आणि कच्च्या भाज्या; शहरांत बारीक पिठाचें, अधिक शिजविलेलें, मऊ अन्न. पाहणींत आढळलें तें असें कीं, खेड्यांतील तरुणांचा चावा अधिक जोरकस होता, आणि शहरांतील तरुणांत वेडेवांकडे किंवा एकमेकांवर नीट न बसणारे दांत अधिक होते. येथें वंशाला दोष देतां येत नाहीं.

हीच गोष्ट इतर देशांतहि दिसली. अमेरिकेच्या केंटकी संस्थानांत मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेजवळ डोंगराळ मुलखांत एक वस्ती बराच काळ जगापासून अलग राहिली होती. तेथील वृद्ध माणसें वाळविलेल्या मांसावर आणि घरच्या भरड अन्नावर वाढलेलीं. त्यांचीं नातवंडें दुकानांतून आणलेल्या मऊ अन्नावर. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आजोबांच्या दांतांची ठेवण नातवंडांच्याहून सरस ठरली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं युएंडुमू येथें १९४६ सालीं सरकारी वसाहत झाली, आणि १९५१ पासून अॅडलेडच्या दंतशास्त्रज्ञांनीं तेथील वॉल्पिरी लोकांच्या दांतांचे ठसे वीस वर्षें घेतले. शिकारीचें मांस आणि दगडावर वाटलेलें रानटी बीं यांवर वाढलेल्या पिढीमागून पीठ, साखर आणि डबाबंद अन्न यांवर वाढलेली पिढी आली, आणि दांतांच्या रांगेंतील सुबकपणा कमी होत गेला. तीन खंडांतील तीन समाज. परंतु गोष्ट एकच.

दांतांचा आणि स्नायूंचा येथें काय संबंध, असें तुम्ही विचाराल. तो असा आहे. दांत केवढे व्हावयाचे हें बहुतेक जन्माबरोबरच ठरलेलें असतें. हिरडींतून वर येण्यापूर्वींच त्यांचा आकार पक्का झालेला असतो. जबड्याचें तसें नाहीं. तो बालपणभर वाढत असतो, आणि किती वाढावें याचा कांहीं हुकूम त्याला स्नायूंच्या ओढीकडून मिळतो. मऊ अन्नामुळें स्नायु आळसावले कीं जबडा तोकडा राहतो. दांत मात्र ठरलेल्या मापाचेच येतात. बत्तीस पाहुण्यांसाठीं अठ्ठावीस पाट मांडले म्हणजे पंगतींत जी दाटी होते तीच तोंडांत होते. शेवटीं येणाऱ्या अक्कलदाढेला जागाच उरत नाहीं, हें पुष्कळांनीं स्वतः अनुभविलें असेल.

मनुष्याला पिंजऱ्यांत ठेवून असा प्रयोग करतां येत नाहीं; म्हणून तो प्राण्यांवर झाला. १९८२ सालीं खारमाकडांच्या दोन टोळ्यांना निरनिराळें अन्न देऊन वाढविण्यांत आलें. मऊ अन्नावरील माकडांच्या दांतांच्या रचनेंत बिघाड अधिक निघाला. पुढें २००४ सालीं हायरॅक्स नांवाच्या सशाएवढ्या प्राण्यांपैकीं कांहींना शिजविलेलें व कांहींना कच्चें, वाळलेलें अन्न देण्यांत आलें. शिजविलेल्या अन्नावर वाढलेल्यांचा चेहरा खालच्या व मागच्या भागांत सुमारें दहा टक्के कमी वाढला. अन्न तेंच, फक्त तें चावण्यास मऊ केलेलें.

मनुष्याच्या बाबतींत उलट दिशेचा, म्हणजे व्यायामाचा प्रयोग मात्र करतां आला. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं कित्येक आठवडे दररोज एक तास मेण चघळलें, आणि त्यांच्या चाव्याचा जोर स्पष्टपणें वाढला. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत लांबट चेहऱ्याच्या तेरा मुलांनीं वर्षभर दररोज दोन तास चिवट डिंक चघळला. त्यांचाहि चावा बळावला. यावरून उघड होतें कीं, चर्वणाचें बळ ही जन्मतः मिळालेली ठेव नसून कमाई आहे.

ही कमाई मानवजात फार पूर्वींपासून थोडी थोडी सोडीत आली आहे. चिंपांझी दिवसाचे सुमारें सहा तास चावण्यांत घालवितो. मनुष्यानें अन्न कापावयास, कुटावयास आणि शिजवावयास आरंभ केला व हे तास वांचविले. हार्वर्ड विद्यापीठांतील झिंक आणि लिबरमन यांनीं २०१६ सालीं प्रयोगानें असें दाखविलें कीं, आहाराचा तिसरा हिस्सा मांस असून तें नुसतें दगडी पात्यानें कापलें आणि कंदमुळें कुटलीं, तरी चावण्याच्या वेळा सुमारें १७ टक्क्यांनीं आणि लागणारा जोर सुमारें २६ टक्क्यांनीं कमी होतो. पुढें शेती आली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत जगांतील अकरा मानवसमूहांचे जबडे तपासले गेले. शेतकरी समाजांचे जबडे शिकारी समाजांच्या मानानें आंखूड व रुंद आढळले. म्हणजे आपल्या जबड्याचा उतार गिरणी आणि कारखाना यांच्यापासून सुरू झाला नाहीं. तो पहिल्या पात्यापासून आणि पहिल्या चुलीपासून सुरू झाला. त्या वांचलेल्या तासांतच मनुष्यानें इतर उद्योग केले. चूल विझवावी असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

परंतु उतार हळू असणें वेगळें आणि कडा तुटणें वेगळें. जपानांतील संशोधकांनीं जुन्या काळचीं जेवणें पुन्हां रांधून चावण्याच्या वेळा मोजल्या. सुमारें सतराशें वर्षांपूर्वींच्या यायोई काळांतील जेवणास ३,९९० वेळां चावावें लागलें व ५१ मिनिटें लागलीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या जेवणास १,४२० वेळां व २२ मिनिटें लागलीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या जेवणास अवघें ६२० वेळां आणि ११ मिनिटें! सतराशें वर्षांत जें घडलें त्याच्या पुढचें अर्धें काम पन्नास वर्षांत उरकलें. त्या राष्ट्रानें हा इशारा ओळखला. १९८९ सालीं तेथें ऐंशीव्या वर्षीं निदान वीस दांत स्वतःचे असावेत अशी मोहीम सुरू झाली. २००९ सालीं प्रत्येक घास तीस वेळां चावावा असा उपदेश तिला जोडण्यांत आला. वृद्धांचा विचार यांत मुद्दाम आहे. दांत पडून कवळी बसविली म्हणजे चाव्याचा जोर पुष्कळदां पूर्वींच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो, आणि काम कमी झालेला गालाचा स्नायु आणखी बारीक होत जातो. मग मनुष्य भाकरी सोडतो, फळें सोडतो, व मऊ पेजेवर येतो. त्यामुळें स्नायु अधिकच खंगतो.

येथवर वाचून कोणी उत्साहाच्या भरांत अक्रोड दांतांनीं फोडावयास लागेल. त्याला थांबविलें पाहिजे. अतिरेकाचें फळहि त्या बर्फाळ प्रदेशांतच दिसतें. जन्मभर कातडीं चावणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे दांत झिजून हिरड्यांना लागलेले प्रवाशांनीं पाहिले. बळकट स्नायु दांतांना झिजवितोहि. आणि फुटलेला दांत पुन्हां उगवत नाहीं.

दुसरी सूचना आपल्या घराजवळची आहे. चर्वण चांगलें म्हणून वाटेल तें चघळणें चांगलें नव्हे. सुपारी, आणि सुपारीची भुकटी घातलेलीं पुड्यांतील मिश्रणें जबड्याला व्यायाम देतात अशी समजूत कोणी करून घेऊं नये. सुपारी सतत तोंडांत धरल्यानें गालाच्या आंतील मऊ अस्तर हळूहळू ताठ व पांढुरकें होतें. तिखट सोसत नाहीं. पुढें तोंड उघडेनासें होतें. अशा रोग्याच्या तोंडांत शेवटीं दोन बोटेंहि शिरत नाहींत. स्नायु जागेवर असतो, परंतु त्याला हालावयास वाव उरत नाहीं. याच रोगांतून पुढें कर्करोगहि उद्भवतो. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली ती उगीच नव्हे. शाळेच्या फाटकाबाहेर जो मित्र पुडी पुढें करतो, तो तुमचा जबडा मागत असतो.

मग करावें काय? उपाय साधा असून तो आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी सावकाश चावून खावी. गाजर, मुळा, काकडी यांचा एखादा तुकडा कच्चा घ्यावा. पेरू आणि बोरें दांतांनीं तोडून खावीं. उसाचा रस पिण्याऐवजीं केव्हां तरी ऊसच सोलून खावा, आणि मग चूळ भरावी, कारण साखर ती साखरच. घास एकाच बाजूनें न चावतां दोन्ही बाजूंनीं चावावा. पाण्याच्या घोटाबरोबर अर्धवट चावलेला घास ढकलूं नये. ज्यांचा जबडा दुखतो किंवा उघडतांना अडकतो त्यांनीं मात्र जोर न करतां दंतवैद्याकडे जावें.

आणखी एक गोष्ट तुमच्या धाकट्या भावंडांसाठीं. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या जबड्याची वाढ बरीचशी होऊन गेली आहे. घरांतील चार-सहा वर्षांच्या मुलाची अजून व्हावयाची आहे. तें रडूं नये म्हणून आपण चहांत बुडविलेलें बिस्किट त्याच्या हातीं देतों, भाताचा गोळा करून भरवितों, सफरचंदाची साल काढतों. अगदीं तान्ह्यांना आणि चार वर्षांखालील मुलांना दाणे-फुटाणे देऊं नयेत, कारण ते श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. परंतु त्यापुढील मुलाला समोर बसवून भाकरीचा पापुद्रा, गाजराची फोड, पेरूची चतकोर द्यावी आणि त्याचें तें सावकाश चावणें धीरानें पाहावें. आपल्याला शाळेस उशीर होत असतो, आईला कामाची घाई असते, आणि मूल एका घासाला पांच मिनिटें लावतें. तीं पांच मिनिटें त्याला द्यावीं. त्याच्या बत्तीस दांतांची जागा याच दिवसांत तयार होत असते; पुढें मोठेपणीं ती मागून मिळत नाहीं.